जागेचे ऋण

सार्वजनिक इमारत किंवा कारखाना ज्या जागेवर उभा राहतो, त्या जागेचे त्या इमारतीकडे काही येणे असते का, हा प्रश्न वास्तुरचनेचा आहे तितकाच धर्मविचाराचाही आहे. राहते घर बांधणारा माणूस आपल्या सोयीने बांधतो आणि चुकलाच तर ती चूक बहुधा त्यालाच भोगावी लागते. कचेरी, बसस्थानक, रुग्णालय, बाजार समितीचे आवार, जिनिंग, सूतगिरणी यांचे तसे नसते. ती कोठे आणि कशी बांधायची हे ठरवणारे एक असतात, तिथे राबणारे किंवा खेटे घालणारे दुसरे, आणि तिचा धूर, गोंगाट, सांडपाणी व अडलेला वारा सोसणारे तिसरेच. करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असे जिथे होते तिथे नीतीचा प्रश्न आलाच. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देव, ऋषी आणि पितर यांचे देणे तर आहेच. पंचमहायज्ञांत त्याला माणसांचे आणि भूतमात्रांचे देणेही जोडले गेले. माणूस ऋणी असेल तर त्याने उभारलेली वास्तू त्यातून कशी सुटेल? हे देणे नेमके कशाचे आणि ते कसे फेडायचे, याचा विचार करायला सातपुड्याच्या पायथ्याचे परतवाडा हे चांगले ठिकाण आहे.

परतवाडा आणि अचलपूर ही अमरावती जिल्ह्यातील जुळी शहरे. दोघांची नगरपरिषद एकच, पण घडण अगदी निराळी. अचलपूर हे वऱ्हाडच्या जुन्या सत्तेचे ठाणे. इमादशाहीचा १४९० ते १५७४ हा काळ त्याने पाहिला, पुढे नवाबांचा अंमल पाहिला. तटाचे दरवाजे, दर्गे, मंदिरे, पुरे आणि त्यांच्यामधल्या अरुंद गल्ल्या अशी त्याची ठेवण. परतवाडा ही छावणी. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेसाठी वसलेली ही वस्ती आजही ‘कॅम्प’ म्हणून ओळखली जाते. रुंद सरळ रस्ते, मोठी आवारे आणि आवाराच्या मधोमध बंगला, हा तिचा मूळ आराखडा. १९०५ पर्यंत एलिचपूर, म्हणजेच अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा होता. नंतर तो अमरावतीत विलीन झाला.

या दोन वस्त्यांनी एकाच उन्हाला दोन वेगळी उत्तरे दिली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा अचलपूरच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात आणि वाड्याचा चौक रात्रीचा गारवा दुपारपर्यंत राखतो. कॅम्पातला बंगला हेच काम उंच छत, चारी बाजूंचा व्हरांडा आणि आवारातली झाडे यांच्या मदतीने करतो. एका उत्तराला दाटी लागते, दुसऱ्याला मोकळीक. दोन्ही खरी आहेत, कारण दोन्हींत ऊन कोणत्या बाजूने येते हे आधी विचारलेले आहे. गेल्या काही दशकांत गावोगाव उभ्या राहिलेल्या, रस्त्याच्या तोंडाला बंद काच लावलेल्या सिमेंटच्या चौकोनी इमारतींनी मात्र हे विचारलेलेच नाही. काचेने आत घेतलेला ताप एसी बाहेर फेकतो आणि तो ताप फुटपाथवर बसलेल्या फळवाल्याच्या वाट्याला येतो.

जागेचे पहिले मागणे मातीचे असते. वऱ्हाडच्या गावांनी ते फार पूर्वी ओळखले होते. गावाची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी विभागलेली असे. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. पांढरी म्हणजे गावठाणाची उंचवट्याची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंतींच्या मातीने भरत आलेली जमीन. तिच्यावर घरे, गढी, देऊळ, चावडी. काळीत घर बांधायचे नाही, ही रीत केवळ पीक वाचवण्यासाठी नव्हती. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ पाया घातला की इमारत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही या हालचालीची खूण. पांढरीला माता मानून तिची पूजा करणाऱ्या आणि काळीला लक्ष्मी म्हणणाऱ्या शेतकऱ्याने श्रद्धा आणि मातीचे ज्ञान एकाच रीतीत बांधून ठेवले होते.

आज शहर पांढरीत मावत नाही. शेते अकृषक होऊन लेआउट पडतात आणि शाळा, गोदामे, कार्यालये काळीतच उभी राहतात. ते टाळता येत नसेल, तर काळीच्या स्वभावाचा मान राखून बांधण्याचे उपाय आहेत. खालच्या मुरुमापर्यंत पाया नेता येतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी कंद फुगवलेले खांब जमिनीत उतरवून त्यांच्यावर तुळई ठेवता येते आणि तुळईखाली माती फुगायला पोकळी सोडता येते. ही पोकळी लक्षात घेण्याजोगी आहे. मातीला दाबून गप्प करण्याऐवजी तिला हलायला जागा देणे, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो अभियांत्रिकीइतकाच नीतीचाही आहे.

वास्तुविद्येच्या जुन्या ग्रंथांत हा प्रश्न आलेला आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमीन पारखण्याची एक सोपी कसोटी दिली आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यात भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी कसोटी पाण्याची: खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जायचे, परत यायचे आणि पाणी उतरले का ते पाहायचे. भरलेलेच राहिले तर जमीन चांगली. ही कसोटी परतवाड्याच्या काळीत लावून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. वैशाखात पाणी भेगांतून बघता बघता नाहीसे होईल. श्रावणात माती फुगून बसलेली असल्याने तेच पाणी जागचे हलणार नाही. एकच जमीन एका महिन्यात नापास आणि दुसऱ्या महिन्यात पास. याचा अर्थ वराहमिहिर चुकला असा नाही. जमिनीपाशी जाऊन, खणून, हाताने पाहून ठरवा, ही त्याची दृष्टी मोलाची आहे. निष्कर्ष मात्र प्रत्येक मातीने आपला आपण द्यायचा असतो. वास्तुशास्त्राच्या नावाने आज जे चालते त्यात नेमके उलटे झाले आहे. निष्कर्ष पाठ आहेत आणि खड्डा कोणी खणत नाही. ईशान्येला पाणी आणि आग्नेयेला अग्नी एवढे जुळले की जागेचे समाधान झाले, असे धरले जाते. मग त्या ईशान्येतून शेजारच्या वस्तीचा नाला वाहत असला तरी चालतो.

खड्डा उरला तो भूमिपूजनापुरता. मंडप, कोनशिला, पाहुणे, कुदळीला बांधलेला लाल धागा, हळद-कुंकवाने माखलेली पहिली वीट. त्या विधीचा गाभा क्षमेचा आहे. आपण या भूमीला पाय लावणार, तिला खणणार, तिच्यातल्या किडामुंगीला बेघर करणार, म्हणून तिची परवानगी मागायची. हा भाव फार थोर आहे. क्षमा मागताना अपराध कोणता ते ठाऊक हवे, ही मात्र कोणत्याही क्षमेची पहिली अट. इथे किती झाडे जाणार, पावसाचे पाणी आजवर कुठून वाहत होते, या आवारातून कोणाची पायवाट जात होती, हे कोणालाच माहीत नसेल तर क्षमा कशाची मागितली, याचे उत्तर नाही.

जागेचे दुसरे मागणे तिच्या पूर्वायुष्याचे. याविषयीचा सर्वांत सखोल विचार याच मुलखात रुजला. महानुभाव पंथाची काशी मानले जाणारे रिद्धपूर परतवाड्याहून फार दूर नाही. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तिथे झाले. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत अळजपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येते. या पंथाने ‘स्थान’ ही कल्पना साधनेत आणली. ईश्वरावताराचा संबंध ज्या जागेला घडला ती जागा वंदनीय; तिथे बांधलेला ओटा त्या संबंधाची खूण. चौदाव्या शतकातला ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ तर या दृष्टीने अपूर्वच आहे. स्वामी कोणत्या गावी उतरले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, नदी कोणत्या अंगाला, मठ कुठे, स्वामींचे आसन कुठे आणि निजणे कुठे, हे सगळे त्यात दिशांसह नोंदलेले आहे. भक्तीपोटी केलेली ही नोंद आज इतिहासाच्या अभ्यासकांना सातशे वर्षांपूर्वीच्या गावांचे नकाशे पुरवते.

स्थानाच्या या विचारात एक बारकावा आहे. जागा पवित्र होते ती तिथे घडलेल्या संबंधामुळे. तिच्यावर उभारलेल्या बांधकामाच्या भव्यतेमुळे नाही. देऊळ कोसळले तरी स्थान उरते. उलट, भव्य मंदिर बांधताना मूळ ओटा हलवला तर स्थानच गेले. इहलोकीच्या इमारतींनाही हा विचार लागू पडतो. शहरातल्या प्रत्येक जागेला कोणाचा तरी संबंध घडलेला असतो. कुठे पिढ्यान्‌पिढ्या आठवडी बाजार भरत आला, कुठे मजूर सकाळी कामाची वाट पाहत उभे राहिले, कुठे पिंपळाच्या पारावर पंचायती झाल्या. त्या जागेवर नवी इमारत आणताना हे संबंध ओळखून त्यांना तिच्यात जागा ठेवणे, हीच स्थानाची आजची उपासना. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या भूमीत मराठी गद्याची पहाट झाली तिथे विद्यापीठाचा परिसर कसा असावा, याचे उत्तर शोधणाऱ्याने स्थानपोथी आधी वाचावी. कोणत्याही शहराला शोभेल अशी इमारत तिथे उभी राहिली, तर ती रिद्धपूरची होणार नाही.

तिसरे मागणे गरजेचे, आणि त्याचा आचार्यही याच मातीतला. गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा; अंजनगाव सुर्जी तालुक्यातले हे गाव. कीर्तनकार आणि झाडूवाले बाबा म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण सार्वजनिक वास्तूंचे एक मोठे कर्ते म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. त्यांनी मंदिर बांधले नाही. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला, कारण यात्रेकरूंना चिखलातून पाण्यात उतरावे लागे. पंढरपूर, आळंदी, नाशिक, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला पंढरीत डोके टेकायला छप्पर मिळत नसे, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा झाली. ती पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. मुंबईत त्यांनी धर्मशाळेसाठी जागा निवडली ती जे. जे. रुग्णालयाजवळ. तीर्थाच्या गावी धर्मशाळा कोणीही बांधतो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चूल मांडून बसलेला खेड्यातला नातेवाईकही यात्रेकरूच आहे, हे ओळखायला गाडगेबाबांची नजर लागते.

या धर्मशाळांची रचना साधी. आत ओवऱ्या, चौक, पाणी, स्वयंपाकाला जागा. त्यांच्यात डोळे दिपवणारे काही नाही, आणि तरीही जागेला उत्तर देणाऱ्या इमारतीचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण. इमारत कुठे हवी, कोणासाठी हवी आणि तिथे येणारा माणूस दमूनभागून आल्यावर आधी काय शोधतो, या तीन गोष्टी आराखड्याच्या आधी ठरलेल्या होत्या. आणखी एक: त्या धर्मशाळांवर त्यांनी स्वतःचा किंवा आप्तांचा हक्क ठेवला नाही. इमारत बांधणाऱ्याची ओळख मिरवण्यासाठी नसते, हे तत्त्व त्यांनी असे कृतीतून मांडले. नावाजलेल्या वास्तुरचनाकाराची सही दुरून ओळखू यावी अशा इमारतींच्या काळात या निरहंकाराचे मोल अधिक वाटते.

पाश्चात्य विचारातही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा सूर उमटला. १९५१ साली डार्मस्टाट इथल्या व्याख्यानात जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने बांधणे आणि वसणे यांचे नाते उलगडताना ब्लॅक फॉरेस्टमधल्या जुन्या शेतघराचा दाखला दिला. वाऱ्यापासून आडोशाला, झऱ्याजवळ, डोंगराच्या दक्षिण उतारावर बसलेले ते घर त्याच्या मते वसण्याच्या जाणिवेतून उभे राहिले होते. नॉर्वेच्या ख्रिस्तियान नॉरबर्ग-शुल्ट्झने पुढे स्थानदेवतेची रोमन कल्पना वास्तुविचारात आणली. वऱ्हाडी माणसाला ती नवी नाही. परतवाड्याच्या उत्तरेला बहिरमचा भैरव टेकडीवर बसलेला आहे, आणि भैरव हा क्षेत्रपाल, क्षेत्राचा राखणदार. डिसेंबरअखेरीस त्याच्या पायथ्याशी जी यात्रा भरते ती महिना-दीड महिना चालते. राहुट्या, दुकाने, तमाशाचे फड, हंड्या शिजवणाऱ्या चुली असे अख्खे गाव उभे राहते आणि यात्रा संपली की उठून जाते. जमीन पुन्हा जमीन होते. कायमचे बांधकाम देवापुरते आणि माणसांचे सगळे तात्पुरते, ही जागेविषयीची फार प्रगल्भ समज आहे. मेळे, प्रदर्शने, हंगामी खरेदी केंद्रे यांच्यासाठी काँक्रीटचे मोठमोठे सभामंडप बांधून ते वर्षातले अकरा महिने कुलूपबंद ठेवणाऱ्यांनी बहिरमला जाऊन यावे.

कारखान्याचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण यंत्राला जागेशी कर्तव्य नसते असे मानले जाते. वऱ्हाडात यंत्र आले ते कापसापाठोपाठ. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून जिनिंग-प्रेसिंग आणि लोहमार्ग आले. मुर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून मायेने सांभाळलेली ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे किलिक-निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली उभी राहिली ती याच कापसासाठी. तिची स्थानके लहान, कौलारू, गावाच्या मापाची. आज त्या रुळांवर गाडी नाही.

जिनिंगच्या आवारात हंगामात उभे राहिले की उद्योगाची जागेशी गाठ कशी पडते ते दिसते. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत गंजी, यंत्रातून एकीकडे रुई आणि दुसरीकडे सरकी, आणि हवेत सगळीकडे तरंगणारा बारीक कापूस. तो झाडांवर, तारांवर, शेजारच्या घरांच्या वाळवणावर बसतो, कामगाराच्या छातीतही. एक ठिणगी पडली तर गंजी धुमसत राहते. म्हणून जिनला मोठे मोकळे पटांगण लागते, पाण्याचा साठा लागतो, गाड्यांची रांग रस्त्यावर न येता आवारात सामावेल अशी जागा लागते, आणि हंगामाच्या महिन्यांत वारा वस्तीकडून जिनकडे वाहील अशी दिशा लागते. जिन बांधला तेव्हा तो गावाबाहेर होता. गाव त्याच्याभोवती वाढले. असे झाले की जागाच बदललेली असते, आणि इमारतीचे देणे पुन्हा नव्याने मोजावे लागते.

बाजाराच्या आवाराचेही असेच. नियंत्रित बाजाराची सुरुवात भारतात वऱ्हाडातच झाली: १८८६ साली कारंजाचा कापूस बाजार, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा. रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा उघड्यावर आला, वजनकाटा सर्वांच्या नजरेत आला. हा बदल कायद्याचा तसा बांधणीचाही. लिलावाचा ओटा चहूबाजूंनी दिसेल असा, काटा कोपऱ्यात न लपणारा, शेतकऱ्याला रात्र काढता येईल असा निवारा, बैलांना पाण्याचा हौद. बाजाराची इमारत न्याय करू शकते किंवा अन्यायाला आडोसा देऊ शकते. ज्या आवारात शेतकरी दिवसभर उन्हात उभा राहतो आणि दलालाची गाळेओळ तेवढी सावलीत असते, तिथे आराखड्यानेच एक बाजू घेतलेली आहे.

गिरणीची कथा आणखी वेगळी. करवतीच्या दातांसारखे छप्पर ही कापड गिरणीची ओळख. त्यातली काच उत्तरेकडे तोंड करून असते, कारण मँचेस्टरच्या अक्षांशावर भर दुपारचे ऊन उत्तरेकडून कधीच येत नाही. येतो तो सौम्य, एकसारखा उजेड. परतवाडा साधारण २१.३ अंश उत्तरेला आहे. इथे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी तर तो स्पष्टपणे उत्तरेच्या अंगानेच उगवतो-मावळतो. काच उभी असेल तर दुपारचे ऊन निसटते जाते. कललेली असेल तर सरळ मागावर पडते. त्याच्याच जोडीला कोरड्या हवेचा प्रश्न. सूत ओलसर हवेत टिकते आणि कोरड्या हवेत तुटते. मँचेस्टर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी हवा मुळातच दमट. वऱ्हाडात ती ओल यंत्राने निर्माण करावी लागते. दूरदेशीचे छप्पर जसेच्या तसे उचलून आणले की काय होते याचा हा धडा कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा स्पष्ट आहे.

अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि कालांतराने बंद पडली. मग मुंबईची फिनले मिल इथे आणली गेली. कापूस पिकतो तिथेच त्याचे सूत व्हावे, हा विचार जागेला धरून होता. २०२० च्या टाळेबंदीत तीही थांबली. गिरणी थांबली तरी तिच्यासाठी आलेली माणसे, घेतलेली घरे, शाळेत घातलेली मुले जागच्या जागीच राहतात. यंत्र हलवता येते आणि भांडवल त्याहून लवकर हलते. जागेला बांधलेला असतो तो कामगार. म्हणून कारखान्याच्या जागाधर्मात तो बंद पडल्यानंतरचाही विचार यायला हवा. त्या छपराखाली उद्या दुसरा उद्योग, तंत्रशाळा किंवा गोदाम नांदू शकेल का, हे पहिल्या दिवशीच्या नकाशात दिसले पाहिजे.

या सगळ्यावर एक वेदान्ती आक्षेप घेता येतो. ब्रह्म सर्वत्र सारखेच असेल तर अमुक जागेचे वेगळे मागणे कुठून आले? स्थळाचा आग्रह ही आसक्तीच नव्हे का? आक्षेप वजनदार आहे, पण तो उलट बाजूने झुकतो. सर्व काही ईश्वराने व्यापलेले आहे असे ईशोपनिषद मानते. मग कोणतीही जागा रिकामी नाही. नगररचनेच्या नकाशात ज्याला मोकळा भूखंड म्हणतात तिथेही कोणी तरी आधीपासून आहे. विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केले तेव्हा जमिनीची मालकी देवाची, माणूस फक्त सांभाळणारा, हीच भूमिका घेतली. मालक असणाऱ्याला जागेला उत्तर देण्याचे कारण नसते, सांभाळणाऱ्याला असते. सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजींसाठी उभे राहिलेले आदिनिवास माती, बांबू, कौले अशा आसपासच्या साहित्यातून आणि गावच्या हातांनी बांधले गेले, ते या सांभाळण्याच्या भावनेतून. सार्वत्रिकाचे भान आणि जागेची निष्ठा यांत विरोध नाही, हे त्या वास्तूत दिसते.

जागा कुंपणापाशी संपत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. परतवाड्याच्या डेपोत मेळघाटचे सागवान येते. ज्या इमारतीचे दरवाजे त्या सागाचे आहेत तिचे देणे कोरकूंच्या जंगलापर्यंत पोचते. सातपुड्याच्या पायथ्याचा भरड गाळ पावसाचे पाणी झपाट्याने पोटात घेतो आणि तेच पाणी संत्र्याच्या बागांच्या विहिरींना मिळते. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा सुरू होतो. परतवाड्यात गोदामाचे किंवा बाजाराचे सारे आवार सिमेंटने मढवले, की ते गोडे पाणी जमिनीत न मुरता सापन-बिच्छन नद्यांच्या पुरात जाते. शेजारचे मुक्तागिरी या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ५२ जैन मंदिरे डोंगराच्या कडेने चढत गेली आहेत, पण धबधब्याची वाट कोणी अडवलेली नाही. मंदिरांनी पाण्याच्या भोवती जागा शोधली.

परतवाडा-अचलपुरात यापुढे जी सार्वजनिक इमारत किंवा कारखाना उभा राहील, त्याच्या आराखड्यासाठी म्हणून काही गोष्टी मागता येतात आणि मागायलाच हव्यात. रचनाकाराने ती जागा वैशाखात आणि श्रावणात, दोन्ही वेळा पायी हिंडून पाहावी. नाला आहे तिथेच वाहू द्यावा. आवारातून जाणारी जुनी पायवाट नकाशात यावी. रस्त्याच्या बाजूला काचेऐवजी सावलीचा व्हरांडा असावा आणि तो रस्त्यावरच्या माणसालाही खुला असावा. भूमिपूजनाच्या आधी महिनाभर मातीचा अहवाल, तोडायच्या झाडांची संख्या, वाऱ्याची दिशा आणि सांडपाण्याची वाट त्याच जागेवर मराठीत फलक लावून लोकांपुढे ठेवावी. नगरपरिषदेने एवढा एक ठराव करावा, आणि ज्यांच्या दारासमोर ती इमारत येणार आहे त्यांनी तो करून घ्यावा.